मोठा वाटा

एका संध्याकाळी जेवताना आईनं खारूच्या ताटात मटणाचा मोठा तुकडा वाढला आणि मी घाबरलो. झालं ते एवढंच. भांडण नाही, कुणाचा फोन नाही. टेबलाशी आम्ही तिघं बसलो होतो, मी, बायको आणि आमची मुलगी. आई नेहमीसारखी पातेलं घेऊन उभी. तिनं डाव रश्शात बुडवला, तळाशी सावकाश फिरवला, वर आलेला एक तुकडा परत सोडून दिला आणि दुसरा काढून खारूला वाढला. मग मला, मग बायकोला. माझ्या ताटातला तुकडा बरा होता, बायकोचाही तेवढाच. पण खारूचा शोधून काढलेला होता. खारू म्हणजे खारूताई. लहानपणी पुढच्या दोन दातांनी कुरतडत खायची म्हणून मीच ठेवलेलं नाव. आता ती चांगली शिकूनसवरून कमावती झाली आहे आणि चारचौघांत मी त्या नावानं हाक मारली की डोळे वटारते. ती डाव्या हातानं फोनवर काहीतरी वाचत होती, उजव्या हातानं भात कालवत होती, तुकड्याकडे तिचं लक्षच नव्हतं. बायको म्हणाली, रस्सा आज पातळ झालाय का, आणि आई म्हणाली, गरम आहे म्हणून तसा वाटतोय. मी पाणी प्यायलो. आजीनं नातीला जरा जास्त वाढलं तर त्यात घाबरण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. आज्यांना दुसरं काम तरी काय असतं? पण माझी आई तसली आजी नाही. लाड म्हणून तिनं आयुष्यात कुणाला जास्त वाढलेलं नाही. तिनं तिघांनाच जास्त वाढलेलं मी आजवर पाहिलं होतं आणि त्या तिघांपैकी आता घरात कुणी नाही.

वाढणारा ओळखीचा असला की पंगतीत शेवटी बसलं तरी चालतं म्हणतात. आमची वाढणारी तर सख्खी आई, पण ताटावर बसलं की ओळख दाखवायची नाही. आमच्या घरात कुणी आपल्या हातानं वाढून घेत नसे, बाबासुद्धा नाही. मागायचं नाही, उरवायचं नाही, एकाच्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात जाता कामा नये. बाबा, धाकटा काका, ताई आणि मी, चौघांना चार सारखे वाटे. घरात फार नसायचं, पण जे असायचं ते असं तोलून यायचं की ताई आणि मी बोटं लावून तुकडे मोजायचो आणि कधीच कुणाला भांडायला जागा सापडायची नाही. आईला स्वतःचं ताट नव्हतं. आमचं झालं की ती स्वयंपाकघरात पातेलं मांडीवर घेऊन बसायची. तळाला लागलेलं, कडेला चिकटलेलं, आमच्या वाट्यातून सुटलेलं जे असेल ते तिचं. त्यात तुकडा असायचा की नाही हे मला आजही सांगता येणार नाही, कारण तेव्हा ते बघायला कुणी गेलं नाही. ती जेवते हे आम्हाला पातेलं खरवडल्याच्या आवाजावरून कळायचं.

काका दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि बोलघेवडा होता. एक दिवस मोठा तुकडा त्याच्या ताटात आला तेव्हा तो म्हणाला, वहिनी, आज काय लॉटरी लागली मला? आई पातेलं घेऊन ताईकडे वळली. दुसऱ्या दिवशीही त्यालाच. बटाटे असले तर मोठा बटाटा, अंडी असली तर अख्खं, आमची अर्धी. ताईनं आणि मी पहिल्यांदाच तोंड फुगवलं. काका तेव्हा खोकत होता, पण रंगाच्या वासानं तो वर्षभर खोकायचाच, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. मग तो दवाखान्यात गेला तो तिकडूनच गेला. सगळं आटोपून आम्ही पुन्हा जेवायला बसलो त्या दिवशीचं मला स्पष्ट आठवतं. ताटात तीन सारखे तुकडे आले आणि तिन्ही नेहमीपेक्षा थोडे मोठे होते. काकाचा वाटा आमच्यात वाटला गेला होता. मला भूक होती. मी तो खाल्ला आणि चांगला लागला हेही आठवतं. नंतर ताई. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, ठणठणीत होती, आणि महिनाभर मोठा वाटा खाऊन एका दुपारी कुणाबरोबर तरी निघून गेली ती परत आली नाही. आणि बाबा. बाबांना तर काहीच नव्हतं. पहिला मोठा तुकडा ताटात पडला तेव्हा त्यांनी आधी ताटाकडे पाहिलं, मग आईकडे, आणि तुकड्याचे दोन भाग करून एक माझ्याकडे सरकवायला लागले. आई म्हणाली, त्याला त्याचं आहे, तुम्ही तुमचं खा. बाबांनी खाल्लं. पुढच्या हिवाळ्यात ते कचेरीतल्या खुर्चीतच गेले. त्यांच्या डब्यातलं अर्धं जेवण संपलेलं होतं.

मग आईत आणि माझ्यात दुसरं कुणी उरलं नाही. लोक जेवायला बसताना हात धुतात, मी आधी ताट बघायचो. वाटा किती, कालच्या मानानं किती. तुकडा जरा फुगीर दिसला की तो उलटून पालटून बघायचो, लहान दिसला की जिवात जीव यायचा. लहान तुकड्यानं खूश होणारा असा मुलगा साऱ्या गावात मी एकटाच असेन. नोकरीसाठी घर सोडलं तेव्हाही मला मोठा वाटा मिळाला नाही. मला त्याचं बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. म्हणजे मी जाणार नाही असं तिनं धरलं होतं, आणि ते खरंच ठरलं. दोन वर्षांपूर्वी तिचे गुडघे धरले तेव्हा तीच माझ्याकडे आली. आल्यावर तिनं बायकोच्या हातातून डाव घेतला. बायको एका दवाखान्यात दिवसभर फोन घेते, संध्याकाळी तिच्या अंगात डाव उचलायचंही त्राण नसतं, तिला बरंच वाटलं. एवढंच म्हणाली की आई, तुम्हीही आमच्याबरोबर बसा. आई म्हणाली, मला पातेल्यातलंच गोड लागतं. पुन्हा तो विषय निघाला नाही.

मी कवळ्या बनवतो. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, माझं तर इतकी वर्षं दुसऱ्यांच्या दातांवरच भरत आलंय. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवतात, आम्ही त्यात प्लॅस्टर ओतून जबडे काढतो, मेणाच्या हिरड्या चढवतो, त्यात एकेक दात बसवतो. मग वरचा जबडा आणि खालचा जबडा एका लोखंडी सांगाड्यात अडकवून उघडझाप करून बघायची. चावा नीट बसला की खट् असा एकच आवाज येतो. दोन आवाज आले तर कुठेतरी एक दात उंच राहिलाय. त्या संध्याकाळनंतर मला सगळ्याच जबड्यांतून दोन आवाज यायला लागले. एका म्हातारबुवांची कवळी मी घासत बसलो, घासत बसलो, आणि भानावर आलो तेव्हा दाढ निम्मी उरली होती. मालक म्हणाले, काय हो, त्यांना आता पेजच प्यायला लावणार का? शेजारचा मेणवाला हसला, मीही हसलो. समोर फळीवर प्लॅस्टरचे जबडे ओळीनं वाळत होते, कुणाचे कोण जाणे, आणि सगळे आ वासून होते. रोजचंच दृश्य. पण त्या दिवशी मला वाटलं, या सगळ्यांना कुणीतरी वाढत असेल. आणि मग वाटलं, घरी जाऊच नये, कारण घरी गेलो की जेवायची वेळ होणार.

ती झालीच. खारूला पुन्हा मोठा वाटा. तिसऱ्या दिवशी अंडी होती, तिला अख्खं. आईचा हात जराही अडखळला नाही. मी खारूकडे चोरून बघत होतो. डोळ्यांखाली काळं दिसतंय का? गळ्याशी हाड वर आलंय का? हसताना धाप लागते का? मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते खोटं नाही. माझ्या इतक्या मायेच्या पोरीला मी बसल्या बसल्या नाही नाही ते रोग लावून टाकले. शेवटी ऑफिसच्या विम्याला लागतं अशी थाप मारून तिला रक्त तपासायला नेलं. ती सगळा वेळ वैतागलेली होती. डॉक्टरांनी कागद वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाले, हिची तब्येत तुमच्यापेक्षा बरी आहे. खारू म्हणाली, झालं समाधान? मी मान डोलावली. समाधान कसलं होणार? बाबांचंही रक्त चांगलंच होतं.

मग बायकोला सांगितलं. सगळं, काकापासून. ती आधी हसली, म्हणाली, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, तू शिकलेला माणूस ना? पण दुसऱ्या दिवशी जेवताना आईनं खारूला वाढलं तेव्हा बायकोनं ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर मला तेच दिसलं जे माझ्या चेहऱ्यावर असणार. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. आता टेबलाशी दोन घाबरलेली माणसं होती, आणि त्यांच्या मधोमध ती पोरगी मिटक्या मारत जेवत होती.

त्या संध्याकाळी खारू मैत्रिणीकडे गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. आई स्टुलावर बसून पातेलं मांडीवर घेऊन जेवत होती. पातेल्यात मला फक्त रश्शाचा डाग दिसला आणि त्यात कालवलेला मूठभर भात. मी विचारलं, आई, खारूला तू जास्त का वाढतेस? ती म्हणाली, जास्त वाढते होय? तिला खरंच ठाऊक नव्हतं की ती उडवून लावत होती ते कळलं नाही. मग मी एकेकाचं नाव घेतलं. काका, ताई, बाबा. तिनं घास तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला. तिचे दात अजून स्वतःचे आहेत.

‘‘जाणारं माणूस जेवताना कळतं,’’ ती म्हणाली. ‘‘ताटात काय पडलं याच्याकडे त्याचं लक्षच नसतं. आपण वाढतोय आणि ते कुठंतरी दुसरीकडेच जेवतंय. मग वाटतं, पोटात काहीतरी घेऊन तरी जाऊ दे.’’

‘‘आणि खारू?’’

‘‘तिला विचार की. मला काय विचारतोस?’’

एवढी सोपी गोष्ट मला आठवडाभर सुचली नव्हती. खारू आल्यावर मी दारातच विचारलं, तू कुठे जाणार आहेस का? तिचा चेहरा खर्रकन उतरला. मग भडाभडा बोलली. तिला लांबच्या शहरात नोकरी मिळाली होती, महिना उलटत आला होता मिळून. आम्हाला कसं सांगायचं म्हणून ती रोज जेवताना सांगायचं ठरवायची आणि रोज राहून जायचं. मी हसलो. मोठ्यांदा हसलो, बायको रडत होती तरी. ताईसारखं जाणं, एवढंच ना? तेही धड, सांगून, तिकीट काढून. पोर जगणार होती. त्या आनंदात मी तिची बॅग स्वतः भरली, बसपर्यंत स्वतः उचलून नेली, आणि बस सुटल्यावर बायकोला म्हणालो, चल, आज बाहेर जेवू. ती म्हणाली, आईंनी करून ठेवलं असेल.

करून ठेवलंच होतं. आम्ही दोघं टेबलाशी बसलो, आई पातेलं घेऊन आली, आणि तिनं डाव बुडवला तेव्हा मला कळलं की माझं काही सुटलेलं नाही. उलट आता दोनच ताटं होती. तीन ताटांत एखादा तुकडा मोठा असला तर डोळ्यांनी शोधावा लागतो, दोन ताटांत लगेच दिसतो. एक तर मी, नाही तर बायको. रोज संध्याकाळी तो डाव पातेल्यात फिरायचा, तळाशी काहीतरी चाचपायचा, आणि माझे हात टेबलाखाली एकमेकांत अडकलेले असायचे. खारूचा वाटा आमच्या दोघांत वाटला गेला होता, दोघांचेही तुकडे वाढले होते, पण सारखे. आज सारखे. उद्याचं काय? जाणारं माणूस ताटाकडे बघत नाही असं आई म्हणाली होती, म्हणून मी ताटाकडे बघायला लागलो. वाकून, निरखून, आईला दिसेल असा. वा, काय सुरेख झालंय, असं म्हणायचो. आई माझ्याकडे जरा वेळ बघत राहायची. तिनं माझं नाटक ओळखलं असेल तर? आणि खरं सांगायचं तर माझं लक्ष ताटात नव्हतंच, डावावर होतं. एका संध्याकाळी मला वाटलं बायकोचा तुकडा मोठा आहे, आणि वाईट वाटायच्या आधी क्षणभर मला सुटल्यासारखं झालं. त्या क्षणाची मला इतकी शरम वाटली की जेवण तसंच टाकून उठलो. नीट पाहिलं असतं तर दिसलं असतं, तिथे फक्त हाडूक जरा लांब होतं.

त्यावर उपाय एकच होता आणि तो मी दुसऱ्याच दिवशी केला. ज्याच्या हाती ससा तो पारधी. मी आईला म्हणालो, आता तुझं वय झालं, गुडघे दुखतात, पातेलं जड आहे, आजपासून मी वाढतो. तिनं विरोध केला नाही. डाव फडक्यानं पुसला आणि माझ्या हातात दिला. बायको खूश झाली. म्हणाली, हे फार आधी व्हायला हवं होतं, आणि आई, आता तुम्ही आमच्याबरोबरच टेबलाशी बसायचं, पातेल्यात जेवणं बंद. तिनं खारूची खुर्ची ओढली, तिच्यासमोर धुतलेलं ताट ठेवलं. आई बसली. खुर्चीच्या कडेवर, उठायला सोपं पडेल अशी.

मी पातेलं आणलं. डाव हातात आला तेव्हा इतक्या दिवसांनी मला मोकळा श्वास घेता आला. आता कुणाच्या ताटात काय पडतं ते माझ्या हातात होतं आणि मी कुणालाच जास्त देणार नव्हतो. उभ्या जन्मात मी दुसरं काय शिकलोय? कवळीत दात बसवावा तसे मी तीन तुकडे निवडले, एक परत टाकला, त्याच्याऐवजी दुसरा काढला. भात तिघांना सारखा, रस्सा सारखा. लावा बोटं, मोजा. मला माझाच अभिमान वाटला. मी डाव ठेवून बसलो आणि जेवायला सुरुवात केली, आणि दोन घास झाल्यावर लक्षात आलं की आईनं हात लावलेला नाही.

ती ताटाकडे बघत होती. कुणाचा वाटा आपल्यासमोर चुकून आला असावा तसं नाही. शांतपणे बघत होती. मग तिनं माझं ताट पाहिलं, बायकोचं पाहिलं, आणि पुन्हा आपलं.

‘‘एवढं मला?’’

‘‘सगळ्यांना सारखंच आहे, आई,’’ मी म्हणालो.

‘‘हो, ते दिसतंय.’’ मग माझ्याकडे न बघता, बायकोला ऐकू जाणार नाही इतक्या हळू तिनं विचारलं, ‘‘तुला कधी कळलं?’’

मी ‘काय?’ म्हणून विचारणार होतो, पण शब्द तोंडातून बाहेर येण्याआधीच मला उमगलं. काकाला, ताईला, बाबांना जेवढं मिळालं त्याहून हे जास्त होतं. ते तिघं निदान रोजच्या वाट्यावर थोडं जास्त खात होते. हिच्या ताटात आजवर वाटाच पडला नव्हता. आमच्या सारखेपणात हिला कुणी कधी मोजलंच नव्हतं, मीही नाही, आणि आज पहिल्यांदा मोजलं तर तो जाणाऱ्या माणसाचा वाटा झाला. मी म्हणालो, आई, तसं काही नाही, काहीही काय. माझा हात तिच्या ताटाकडे गेला, तुकडा उचलून घ्यायला, निदान अर्धा. पण तिनं तळहात ताटाच्या कडेवर ठेवला. ‘‘असू दे,’’ ती म्हणाली. ‘‘तू वाढलंस ते बरं झालं. दुसऱ्या कुणी वाढलं असतं तर जिवाला लागलं असतं.’’

मग ती जेवायला लागली. मी कधीच तिला असं जेवताना पाहिलं नव्हतं. घाई नाही, चाटूनपुसून घेणं नाही. तुकड्याचं मांस हाडापासून नीट सोडवून, भात कालवून, एकेक घास चावून. तिला भूक होती. किती वर्षांची होती देव जाणे. मी जिला आज जेवू घालत होतो तिला मी आज काय वाढून ठेवलंय हे मला दिसत होतं, आणि तरी तिचं ते जेवणं बघताना मला बरं वाटत होतं, हे सगळ्यात वाईट होतं. बायकोचं आमच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. तिला फक्त ताट रिकामं होताना दिसलं, आणि ती इतकी आनंदली की स्वतः उठून तिनं डाव हातात घेतला.

‘‘बघा, बरोबर बसलं की कसं जेवण जातं,’’ ती म्हणाली. ‘‘आई, आणखी वाढू?’’

आईच्या घरात कुणी कधी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नव्हतं. तिनं बायकोकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं आणि तशीच थांबली, बोटांना भात लागलेला, मी काय म्हणतो त्याची वाट बघत. नको म्हणालो असतो तर भुकेल्या आईपुढून अन्न काढलं असतं. हो म्हणालो असतो तर तिनं ते कसं घेतलं असतं ते मला ठाऊक होतं. बायको डाव भरून उभी होती. रस्सा थेंब थेंब पातेल्यात गळत होता.

‘‘वाढ,’’ मी म्हणालो.